संवेग अक्षय्यता आणि टकरींचे प्रकार

संवेग अक्षय्यता हा यामिकीतील एक मूलभूत नियम आहे. एखाद्या वस्तुसमूहावर बाहेरून कोणतेही बल कार्य करत नसेल, किंवा बाहेरील सर्व बलांची सदिश बेरीज शून्य असेल, तर त्या समूहाचा एकूण संवेग कायम राहतो, असे हा नियम सांगतो. समूहातील वस्तू एकमेकींवर आदळल्या, चिकटल्या, फुटल्या किंवा त्यांचे आकार बदलले, तरी एकूण संवेगात फरक पडत नाही. गतिज ऊर्जेची गोष्ट वेगळी आहे. टकरीत ती कधी जवळजवळ संपूर्ण टिकते, तर कधी तिचा फार मोठा भाग उष्णता, ध्वनी आणि वस्तूंचे विरूपण यांत खर्च होतो. टकरींचे स्थितिस्थापक आणि अस्थितिस्थापक असे वर्गीकरण गतिज ऊर्जा किती उरली या एकाच निकषावर केले जाते. संवेग दोन्ही प्रकारांत अक्षय्यच असतो. अस्थितिस्थापक टकरीत संवेग ‘नाहीसा होतो’ हा विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळणारा समज चुकीचा आहे.

व्याख्या

वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. वेग ही सदिश राशी असल्यामुळे संवेगही सदिश असतो, म्हणजे त्याला परिमाणाबरोबर दिशाही असते. त्याचे एकक किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद हे असून न्यूटन-सेकंद हे त्याचेच दुसरे रूप आहे. गतिज ऊर्जा ही वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. ती अदिश राशी आहे आणि कधीही ऋण नसते.

या दोन राशी किती भिन्न आहेत हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. १६० ग्रॅम वस्तुमानाचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला २५ मीटर (ताशी ९० किमी) वेगाने जात असेल, तर त्याचा संवेग ४ एकके आणि गतिज ऊर्जा ५० ज्यूल असते. ५० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती सेकंदाला केवळ ८ सेंटीमीटर इतक्या संथ गतीने सरकत असेल, तरी तिचा संवेगही ४ एककेच भरतो. तिची गतिज ऊर्जा मात्र ०.१६ ज्यूल, म्हणजे चेंडूच्या तीनशेव्या हिश्श्याइतकी असते. संवेग समान असला म्हणजे ऊर्जा समान असते, असे नाही.

न्यूटनच्या नियमांशी संबंध

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार वस्तूवरील बल हे तिच्या संवेगातील बदलाच्या दराइतके असते. बल आणि ते जितका वेळ कार्य करते तो काळ यांच्या गुणाकाराला आवेग म्हणतात. आवेग हा संवेगातील एकूण बदलाइतका असतो. वरील चेंडूचा झेल घेताना त्याचा ४ एकके संवेग शून्यावर आणावा लागतो. हात ताठ ठेवून चेंडू एका सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला, तर हातावर सरासरी ४०० न्यूटन बल येते. हात मागे घेत तोच चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवला, तर हे बल ४० न्यूटनांवर येते. आवेग दोन्ही वेळा सारखाच असतो.

दोन वस्तू एकमेकींवर आदळतात तेव्हा तिसऱ्या नियमानुसार पहिलीने दुसरीवर लावलेले बल आणि दुसरीने पहिलीवर लावलेले बल परिमाणाने समान आणि दिशेने विरुद्ध असतात. ही दोन्ही बले तितकाच वेळ टिकतात. म्हणून दोन्ही वस्तूंना मिळणारे आवेगही समान आणि विरुद्ध असतात, आणि एकीने जितका संवेग गमावला तितकाच दुसरीने मिळवलेला असतो. वस्तुमाने व१ आणि व२, टकरीपूर्वीचे वेग ग१ आणि ग२ व टकरीनंतरचे वेग ग१′ आणि ग२′ मानल्यास,

व१ग१ + व२ग२ = व१ग१′ + व२ग२′

या मांडणीत बल किती मोठे होते, ते कसे बदलत गेले, वस्तू पोलादाच्या होत्या की मातीच्या, याचा कोठेही उल्लेख नाही. टकरीच्या क्षणी प्रत्यक्ष काय घडले याचा तपशील ठाऊक नसतानाही आधीच्या स्थितीवरून नंतरच्या स्थितीविषयी खात्रीने काही सांगता येते, आणि नियमाची उपयुक्तता यातच आहे.

बाह्य बल नसण्याची अट व्यवहारात काटेकोरपणे क्वचितच पाळली जाते. रस्त्यावरील वाहनांवर घर्षण, चेंडूवर गुरुत्वाकर्षण ही बाह्य बले असतातच. तरीही नियम वापरता येतो, कारण टक्कर अत्यल्प काळात घडते आणि तेवढ्या वेळात बाह्य बलांचा आवेग नगण्य असतो. १,००० किलोग्रॅमची मोटार सेकंदाला १५ मीटर वेगाने आदळली आणि टक्कर सेकंदाचा दहावा भाग टिकली, असे समजू. तिचा आरंभीचा संवेग १५,००० एकके असतो. चाके पूर्ण घसरत असतानाचे घर्षण सुमारे ७,००० न्यूटन धरले, तरी त्याचा आवेग ७०० एकके, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी येतो. म्हणून हा नियम टकरीच्या लगेच आधीच्या आणि लगेच नंतरच्या क्षणांना लावायचा असतो. त्यानंतर वाहने घसरत जाऊन थांबतात, तो घर्षणाचा परिणाम असतो.

जमिनीवर टाकलेला चेंडू उसळून वर येतो तेव्हा त्याच्या संवेगाची दिशा उलटते, मग अक्षय्यता कोठे गेली, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. येथे समूह अपुरा घेतलेला असतो. चेंडू आणि पृथ्वी मिळून विचार केल्यास चेंडूने गमावलेला संवेग पृथ्वीने घेतलेला असतो; तिचे वस्तुमान प्रचंड असल्यामुळे तिच्या वेगातील बदल मोजता येत नाही.

इतिहास

टकरींचा अभ्यास सतराव्या शतकातील यामिकीच्या केंद्रस्थानी होता. रने देकार्त याने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया फिलॉसॉफी’ या ग्रंथात विश्वातील गतीची एकूण राशी कायम असते असे प्रतिपादन केले आणि टकरींचे सात नियम दिले. त्याची ‘गतीची राशी’ म्हणजे वस्तूचे आकारमान आणि तिची चाल यांचा गुणाकार होता. दिशेचा तीत विचार नव्हता. त्यामुळे त्याचे बहुतेक नियम अनुभवाशी विसंगत ठरले. लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली, तर मोठी वस्तू जागची हलणारच नाही आणि लहान वस्तू पूर्वीच्याच चालीने परत फिरेल, असे त्याचा एक नियम सांगतो. मुळात दिशाहीन राशी टिकू शकत नाही हे दाखवायला एकच उदाहरण पुरे आहे. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच चालीने समोरासमोर येऊन चिकटले, तर दोन्ही थांबतात. देकार्तच्या मोजणीने आधी जे पुष्कळ होते ते आता शून्य झाले. दिशा धरून केलेल्या मोजणीने आधीही शून्य होते आणि नंतरही शून्यच आहे.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५० च्या दशकातच देकार्तचे नियम चुकीचे असल्याचे ओळखले. त्याचा युक्तिवाद आजही वर्गात सांगण्याजोगा आहे. कालव्यातून संथ, एकसमान वेगाने जाणाऱ्या नावेत बसलेला माणूस दोन सारखे कठीण गोळे समान वेगाने एकमेकांवर आदळवतो. सममितीमुळे ते त्याच वेगाने परत फिरतात, हे कोणीही मान्य करील. आता नावेचा वेग गोळ्यांच्या वेगाइतकाच असेल, तर काठावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेल? त्याला एक गोळा स्थिर आणि दुसरा दुप्पट वेगाने येताना दिसेल. टकरीनंतर येणारा गोळा थांबलेला आणि स्थिर असलेला दुप्पट वेगाने निघालेला दिसेल. घटना एकच असून केवळ पाहणाऱ्याची जागा बदलल्याने समान वस्तुमानाच्या गोळ्यांचा एक नवा नियम हाती आला. हायगेन्सचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७०३ मध्ये छापला गेला.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ मध्ये टकरींचे नियम मांडण्याचे आवाहन केले. जॉन वॉलिसने एकमेकांना चिकटणाऱ्या वस्तूंचा, तर क्रिस्टोफर रेन आणि हायगेन्स यांनी उसळून परत फिरणाऱ्या वस्तूंचा विचार केला. तिघांचे निष्कर्ष १६६९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते परस्परविरोधी नव्हते, एकाच विषयाच्या दोन टोकांविषयी होते.

आयझॅक न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’मध्ये (१६८७) या तिघांचा उल्लेख करून स्वतःचे प्रयोग दिले आहेत. दहा फूट लांबीच्या दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आदळवून, हवेच्या रोधाची दुरुस्ती करून, त्याने टकरीपूर्वीचे आणि नंतरचे वेग मोजले. दिशेसह मोजलेली गतीची राशी प्रत्येक वेळी टिकत असल्याचे त्याला आढळले. गोळे किती वेगाने दूर जातात हे मात्र पदार्थावर अवलंबून होते. घट्ट वळलेल्या लोकरीच्या गोळ्यांत दूर जाण्याचा आणि जवळ येण्याचा वेग यांचे गुणोत्तर सुमारे ५ : ९ आले, काचेच्या गोळ्यांत १५ : १६, तर पोलादी गोळे जवळजवळ आले त्याच वेगाने परत फिरले.

गोटफ्रीड लाइब्निझने १६८६ मध्ये वेगळाच मुद्दा उपस्थित केला. गतीचे खरे माप वस्तुमान गुणिले वेग हे नसून वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे आहे, असे त्याचे म्हणणे होते. या राशीला त्याने ‘जिवंत बल’ म्हटले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ युरोपातील विद्वानांत यावरून वाद चालला. १७२० च्या दशकात विलेम ग्राव्हेसांडे याने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून, खड्ड्याची खोली वेगाच्या वर्गानुसार वाढते असे दाखवले. एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या ग्रंथात लाइब्निझची बाजू समर्थपणे मांडली. आजच्या दृष्टीने दोन्ही पक्ष दोन वेगळ्या आणि तितक्याच खऱ्या राशींविषयी बोलत होते. मातीत रुतणाऱ्या गोळ्याचे ‘जिवंत बल’ कोठे जाते हा प्रश्न अवघड होता. उष्णता हे ऊर्जेचेच एक रूप असल्याचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जेम्स जूल आणि इतरांच्या कार्यातून सिद्ध झाल्यावरच त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले. वेगाच्या वर्गापुढील ‘एकद्वितीयांश’ हा गुणक गास्पार कोरिऑलिसने १८२९ मध्ये रूढ केला.

स्थितिस्थापक टक्कर

ज्या टकरीत एकूण गतिज ऊर्जा टकरीपूर्वी होती तितकीच टकरीनंतर राहते, तिला पूर्ण स्थितिस्थापक टक्कर म्हणतात. टकरीदरम्यान वस्तू क्षणभर दबतात आणि गतिज ऊर्जेचा काही भाग स्थितिज ऊर्जेत जातो. पूर्ववत होताना तो सर्वच्या सर्व परत मिळतो. दृश्य वस्तूंच्या बाबतीत ही आदर्श कल्पना आहे. पोलादी किंवा हस्तिदंती गोळे तिच्या जवळ जातात. अणू आणि मूलकण यांच्या कित्येक टकरी मात्र अक्षरशः पूर्ण स्थितिस्थापक असतात, कारण तेथे ऊर्जा ‘थोडीशी’ गमावता येत नाही.

दुसरी वस्तू आरंभी स्थिर असेल आणि टक्कर एकाच रेषेत होत असेल, तर संवेग आणि गतिज ऊर्जा यांची दोन समीकरणे सोडवून पुढील वेग मिळतात:

ग१′ = (व१ − व२)ग१ ÷ (व१ + व२)
ग२′ = २व१ग१ ÷ (व१ + व२)

वस्तुमाने समान असतील, तर पहिली वस्तू जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. बिलियर्ड्समध्ये सरळ मध्यावर मारलेला चेंडू थबकतो तो यामुळे, अर्थात चेंडू घरंगळत नसेल तर. कॅरममध्ये असे घडत नाही. स्पर्धांच्या नियमांनुसार सोंगटीचे वजन ५ ते ५.५ ग्रॅम असते आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत चालतो, म्हणजे तो सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट असतो. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला ३ मीटर वेगाने ५ ग्रॅमच्या सोंगटीवर सरळ आदळला, तर वरील सूत्रांनुसार सोंगटी ४.५ मीटर वेगाने निघते आणि स्ट्रायकर १.५ मीटर वेगाने तिच्यामागून त्याच दिशेने जात राहतो. संवेग आधी ४५ (ग्रॅम-मीटर प्रति सेकंद) होता, नंतर २२.५ अधिक २२.५ आहे, गतिज ऊर्जेचे तीन चतुर्थांश सोंगटीकडे गेले आहेत. सरळ फटक्यात सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही भोकात जाण्याचे कारण नेम चुकणे हे नसून वस्तुमानांचे हे गुणोत्तर आहे. प्रत्यक्ष पटावर घर्षण असते आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक नसते, म्हणून आकडे थोडे वेगळे येतात.

याउलट हलकी वस्तू फार जड वस्तूवर आदळली, तर ती जवळजवळ तितक्याच वेगाने परत फिरते. जड वस्तू स्वतः गतिमान असेल, तर परत फिरणाऱ्या हलक्या वस्तूचा वेग वाढतो. अंतराळयान ग्रहाच्या जवळून वळवून त्याचा वेग वाढवण्याच्या तंत्रात हेच तत्त्व असते. व्हॉयेजर याने गुरू ग्रहाजवळून अशीच पुढे गेली. येथे यान ग्रहाला स्पर्शही करत नाही. भौतिकीच्या दृष्टीने टकरीसाठी स्पर्श आवश्यक नसतो. दोन वस्तूंनी काही काळ परस्परांवर बल लावून एकमेकींची गती बदलणे पुरेसे असते.

दोन मितींतील टक्कर. समान वस्तुमानांची स्थितिस्थापक टक्कर तिरकी झाली आणि दुसरी वस्तू आरंभी स्थिर असेल, तर टकरीनंतर दोन्ही वस्तू परस्परांशी काटकोन करून जातात. याची सिद्धता छोटी आहे. संवेग अक्षय्यतेमुळे आधीचा वेग हा नंतरच्या दोन वेगांची सदिश बेरीज असतो, म्हणजे तिन्हींचा मिळून त्रिकोण बनतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे आधीच्या वेगाचा वर्ग हा नंतरच्या दोन वेगांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. पायथागोरसच्या सिद्धांताची ही अट असल्यामुळे त्रिकोण काटकोनी ठरतो. हीलियम वायू भरलेल्या मेघकोष्ठात अल्फा कण हीलियमच्या अणुकेंद्रावर आदळतो तेव्हा मार्गाला काटकोनी फाटा फुटलेला दिसतो. दोन्हींचे वस्तुमान समान असल्याचा तो दृश्य पुरावा होता. प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल इतक्या वेगाने जाणाऱ्या कणांच्या बाबतीत हा कोन काटकोनापेक्षा लहान होतो.

न्यूटनचा पाळणा. ओळीने टांगलेल्या पाच पोलादी गोळ्यांच्या या खेळण्यात एका टोकाचा एक गोळा सोडला, तर दुसऱ्या टोकाचा एकच गोळा उडतो. दोन सोडले तर दोन. दोन्ही अक्षय्यता नियमांमुळे असे घडणे भागच आहे, असे स्पष्टीकरण पुष्कळ ठिकाणी दिलेले असते, पण ते अपुरे आहे. केवळ तीन गोळे घेतले आणि पहिला १ एकक वेगाने आदळला, तर पहिला ⅓ वेगाने मागे आणि उरलेले दोन ⅔ वेगाने पुढे, ही उत्तरेही संवेग आणि ऊर्जा या दोन्ही समीकरणांत चपखल बसतात. दोनच समीकरणांवरून तीन अज्ञात वेग निश्चित होत नाहीत. गोळे अगदी थोड्या अंतराने एकामागून एक आदळतात, असे मानले म्हणजे समान वस्तुमानाच्या दोन-दोन गोळ्यांच्या टकरींची साखळी तयार होते आणि नेहमीचे उत्तर मिळते.

अस्थितिस्थापक टक्कर

व्यवहारातील जवळजवळ सर्व टकरींत काही गतिज ऊर्जा खर्ची पडते. किती पडते याचे माप म्हणून प्रत्यानयन गुणांक वापरतात. टकरीनंतर दूर जाण्याचा सापेक्ष वेग आणि टकरीपूर्वी जवळ येण्याचा सापेक्ष वेग यांचे हे गुणोत्तर होय. न्यूटनने लोकर आणि काच यांसाठी मोजलेली गुणोत्तरे म्हणजे हाच गुणांक. पूर्ण स्थितिस्थापक टकरीत तो १ आणि वस्तू चिकटून राहिल्यास ० असतो. उंचीवरून सोडलेला चेंडू किती उसळतो यावरून तो सहज काढता येतो, कारण उसळीची उंची आणि मूळ उंची यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ म्हणजेच हा गुणांक. नेहमीच्या प्रकारचा टेनिसचा चेंडू २५४ सेंमी उंचीवरून काँक्रीटवर टाकल्यावर १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे असा नियम आहे. म्हणजे त्याचा गुणांक ०.७३ ते ०.७६ या दरम्यान असावा लागतो. हा गुणांक केवळ पदार्थाचा गुणधर्म नाही. तो आदळणाऱ्या दोन्ही वस्तूंवर अवलंबून असतो आणि वेग वाढल्यावर सामान्यतः कमी होतो.

टकरीनंतर दोन्ही वस्तू एकत्रच पुढे जात असतील, तर त्या टकरीला पूर्ण अस्थितिस्थापक म्हणतात. ‘पूर्ण’ या शब्दामुळे सर्व गतिज ऊर्जा नष्ट होते असा समज होऊ शकतो. तसे फक्त एकूण संवेग शून्य असतानाच घडते. एरवी संवेग टिकवायचा म्हणून जोडवस्तूला पुढे जावेच लागते, आणि वस्तुमानकेंद्राच्या या गतीची ऊर्जा कोणत्याही टकरीत खर्च होऊ शकत नाही. पूर्ण अस्थितिस्थापक टकरीत त्या परिस्थितीत शक्य असलेला कमाल ऊर्जाव्यय होतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

टकरीत गतिज ऊर्जा वाढूही शकते. त्यासाठी ती वस्तूंमध्ये आधीच साठवलेली असावी लागते, उदाहरणार्थ दाबलेल्या स्प्रिंगमध्ये किंवा स्फोटक द्रव्यात. ४ किलोग्रॅमच्या स्थिर बंदुकीतून १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटते तेव्हा बंदूक २ मीटर वेगाने मागे धक्का देते. एकूण संवेग आधी शून्य होता आणि नंतरही शून्यच राहतो.

बॅलिस्टिक लोलक

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याचे हे उपकरण इंग्लिश गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तोफखान्यावरील आपल्या ग्रंथात वर्णिले. टांगलेल्या जड ठोकळ्यात गोळी झाडतात, ती आत रुतते आणि ठोकळा झोका घेऊन वर चढतो. किती वर चढला हे मोजले की गोळीचा वेग काढता येतो. इतक्या वेगवान वस्तूचा वेग थेट मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते.

१० ग्रॅमची गोळी १.९९ किलोग्रॅमच्या ठोकळ्यात रुतून तो १० सेंमी वर चढला, असे समजू. झोक्याच्या भागात ऊर्जा अक्षय्य असल्यामुळे ठोकळ्याचा आरंभीचा वेग सेकंदाला १.४ मीटर येतो. रुतण्याच्या क्षणी संवेग अक्षय्य असतो. एकूण वस्तुमान गोळीच्या २०० पट असल्यामुळे गोळीचा वेग १.४ च्या २०० पट, म्हणजे २८० मीटर प्रति सेकंद. गोळीची गतिज ऊर्जा ३९२ ज्यूल होती, टकरीनंतर १.९६ ज्यूल, म्हणजे अवघा अर्धा टक्का उरली. बाकीची ठोकळा फाडण्यात आणि तापवण्यात गेली.

परीक्षेत या उदाहरणावर होणारी नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऊर्जा अक्षय्य धरणे. तसे केल्यास गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर येतो, जो हाताने फेकलेल्या दगडाला शोभेल. घटनेचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात संवेग टिकतो पण गतिज ऊर्जा टिकत नाही. दुसऱ्या टप्प्यात यांत्रिक ऊर्जा टिकते पण दोरी आणि गुरुत्वाकर्षण यांच्या बाह्य बलांमुळे ठोकळ्याचा संवेग टिकत नाही. कोणता नियम कोठे लागू आहे, हे ओळखणे हेच या गणिताचे मर्म आहे.

वाहनांच्या टकरी

२० टनांचा मालट्रक आणि १ टनाची मोटार प्रत्येकी ताशी ५४ किमी (सेकंदाला १५ मीटर) वेगाने समोरासमोर आदळून एकमेकांत अडकल्या, तर एकत्रित वेग ट्रकच्या दिशेने सेकंदाला सुमारे १३.६ मीटर राहतो. ट्रकच्या वेगात केवळ १.४ मीटर, तर मोटारीच्या वेगात २८.६ मीटर इतका बदल होतो. दोन्ही वाहनांवरील बल आणि त्यांना मिळालेला आवेग समान असतात. तरीही वेगातील बदल वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात, येथे वीसपट, भिन्न असतो. आत बसलेल्यांना होणारी इजा मुख्यतः या बदलावर आणि तो किती वेळात घडला यावर अवलंबून असते. मोटारीचा पुढचा भाग चुरगळेल असाच बनवतात, तो हा वेळ वाढवण्यासाठी. सीटबेल्ट आणि एअरबॅग यांमागेही झेल घेताना हात मागे घेण्याचेच तत्त्व आहे.

अणुकेंद्रकीय भौतिकीतील उपयोग

टकरींच्या नियमांनी एक नवा कण हुडकून दिला. बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा केल्यावर निघणारे विद्युतभाररहित प्रारण मेणावर पडले की त्यातून वेगवान प्रोटॉन बाहेर पडतात, असे इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांना आढळले होते. हे प्रारण गॅमा किरणांचे असावे, असे त्यांनी मानले. केंब्रिज येथे जेम्स चॅडविकने १९३२ मध्ये तेच प्रारण हायड्रोजन आणि नायट्रोजन या दोन्हींवर सोडून पाहिले. प्रोटॉनांचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ३.३ कोटी मीटर, तर नायट्रोजनच्या अणुकेंद्रांचा सुमारे ४७ लाख मीटर निघाला. गॅमा किरण मानले तर दोन्ही निरीक्षणांसाठी त्यांची ऊर्जा वेगवेगळी धरावी लागत होती. प्रारण म्हणजे वस्तुमान असलेले कण मानले, तर वर दिलेल्या दुसऱ्या सूत्रावरून दोन वेगांचे गुणोत्तर (कणाचे वस्तुमान + १४) ÷ (कणाचे वस्तुमान + १) इतके असायला हवे. हे गुणोत्तर सुमारे ७ आहे, म्हणून कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १.१६ पट येते. मोजमापातील त्रुटी लक्षात घेता ते प्रोटॉनच्या वस्तुमानाइतकेच आहे, असा निष्कर्ष चॅडविकने काढला. हा कण म्हणजे न्यूट्रॉन. या शोधासाठी त्याला १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अणुभट्टीत वेगवान न्यूट्रॉन मंद करावे लागतात आणि तेथेही वस्तुमानांचे गुणोत्तर निर्णायक ठरते. सरळ स्थितिस्थापक टकरीत न्यूट्रॉन हायड्रोजनच्या अणुकेंद्राला आपली सर्व गतिज ऊर्जा देऊ शकतो, जड हायड्रोजनला ८९ टक्के, कार्बनला २८ टक्के, तर शिशाला २ टक्क्यांहूनही कमी. म्हणून मंदायक हलक्या मूलद्रव्यांचे घेतात. शिशाच्या भिंतीवर न्यूट्रॉन भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा आपला वेग घेऊन परततो. केवळ टकरींचा विचार केला तर साधे पाणी सर्वोत्तम ठरले असते. पण त्यातील हायड्रोजन काही न्यूट्रॉन शोषूनही घेतो, म्हणून साधे पाणी वापरणाऱ्या भट्टीला समृद्ध युरेनियम लागते. जड पाण्यात शोषण फार कमी असल्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर भागते. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुऊर्जा केंद्रात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. तेथील १९६९ मधील पहिल्या दोन भट्ट्यांमध्ये साधे पाणी मंदायक म्हणून योजलेले आहे, तर नंतर उभारलेल्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत जड पाणी.

नियमाची व्याप्ती

संवेग अक्षय्यता न्यूटनच्या नियमांवरून सिद्ध करता येत असली, तरी तिची व्याप्ती त्या नियमांपेक्षा मोठी आहे. वेग प्रकाशाच्या वेगाजवळ गेल्यावर संवेगाची व्याख्या बदलावी लागते, पण अक्षय्यता टिकून राहते. प्रकाशाला वस्तुमान नसूनही संवेग असतो. आर्थर कॉम्प्टनने १९२३ मध्ये क्ष-किरणांचे इलेक्ट्रॉनांवरील प्रकीर्णन दोन कणांच्या स्थितिस्थापक टकरीसारखे सोडवून ते दाखवून दिले. एमी नोदर हिने १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार भौतिकीचे नियम अवकाशात सर्वत्र सारखे असणे, म्हणजे प्रयोग एका जागेवरून दुसरीकडे हलवल्याने त्यांत फरक न पडणे, याचाच गणिती परिणाम संवेगाची अक्षय्यता हा आहे.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे सुमारे ५७० किलोग्रॅमचे डार्ट यान सेकंदाला सुमारे ६ किमी वेगाने डायमॉर्फॉस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. लघुग्रहाची दिशा टकरीने बदलता येते का, हे त्यातून पाहायचे होते. टक्कर अस्थितिस्थापक होती आणि यान नष्ट झाले. डायमॉर्फॉसला डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरायला ११ तास ५५ मिनिटे लागत असत. हा काळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. केवळ यानाचा संवेग हिशेबात धरला, तर इतका बदल झाला नसता. आघाताने उडालेले दगडधोंडे आणि धूळ यान आले त्या दिशेला परत फेकली गेली आणि त्यांच्या संवेगाची भरपाई म्हणून लघुग्रहाला पुढे आणखी धक्का बसला. डायमॉर्फॉसची घनता डिडिमॉसइतकी गृहीत धरल्यास त्याला मिळालेला संवेग यानाने आणलेल्या संवेगाच्या सुमारे ३.६ पट भरतो.